बोटीचं नाव ठरवताय? आधी ते ओरडून बघा

शिडाची बोट घेतली की घरचे, मित्र सगळे नावं सुचवायला लागतात, यादी आपोआप होते, ती कशी करायची हे काही मी सांगत बसत नाही. फक्त 'समुद्राशी जुळणारं छानसं संस्कृत नाव शोधा' हा सल्ला कानाआड करा. सागर, लहर, क्षितिज प्रत्येक धक्क्यावर चार-चार सापडतात.

अर्थ आपल्या गोष्टीतून यावा. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा इंग्लिश खलाशी चिचेस्टर आधी जिप्सी मॉथ विमान उडवायचा म्हणून बोट 'जिप्सी मॉथ 4', फ्रेंच खलाशी मोइटेसिएने बोटीला थेट जोशुआ स्लोकमचंच, म्हणजे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पहिल्या माणसाचंच, नाव दिलं, 'जोशुआ'. वाराच हवा असेल तर नेमका वारा घ्या, इंग्लिश खलाशी नॉक्स-जॉन्स्टनने 1968-69 मध्ये जिच्यातून न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'सुहैली' म्हणजे इराणच्या आखातातला आग्नेयेचा वारा.

आता खरी गोम. नाव रेडिओवर ऐकू गेलं पाहिजे. माझ्या पहिल्या बोटीचं नाव मी मोठ्या हौसेने 'स्वच्छंदा' ठेवलं होतं. एका संध्याकाळी बंदराच्या तोंडाशी सुकाणूची दोरी तुटली, चॅनल 16 वर, म्हणजे रेडिओच्या संकटातल्या हाकेच्या चॅनलवर, हाक मारली तर पलीकडचा विचारतोय, "संध्या? कोण संध्या?" परत सांगितलं तर "चंदा?" शेवटी इंग्रजी स्पेलिंग फोडून, एकेका अक्षराला ठरलेला शब्द म्हणत सांगत बसलो, सिएरा, व्हिस्की, अल्फा, चार्ली, हॉटेल, परत हॉटेल... दहा अक्षरं संपेपर्यंत बोट पार खडकांजवळ, एका हातात माईक आणि दुसऱ्या हाताने मी नांगर सोडतोय! अर्थ सुंदर होता हो, पण त्या क्षणी त्याचं काय करू?

कारण साधं आहे. रेडिओ साधारण 3 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कापतो आणि स, श, फ ची सळसळ बरीचशी तिथेच असते, त्यात जोडाक्षर आलं की सगळाच चिखल. शिवाय मेडे कॉलमध्ये, म्हणजे जीव धोक्यात असतानाच्या हाकेत, बोटीचं नाव तीनदा म्हणायचं असतं, तेही धाप लागलेली असताना. म्हणून दोन-तीन अक्षरी, मोकळ्या स्वरांचं नाव घ्या, 'मैना' किंवा 'उमा'सारखं. आणि मेडे किंवा पॅन-पॅनच्या (त्याहून कमी गंभीर तातडीची हाक) जवळ जाणारं काहीही नको, गंमत म्हणूनसुद्धा नको.

टेस्ट अशी करा: जोरात चाललेल्या पंख्यासमोर उभं राहून, ज्यांनी नाव कधी ऐकलं नाही अशा तिघांना एकेक करून फोन लावा, नाव एकदाच सांगा आणि लिहून घ्यायला लावा. तिघांपैकी एकाने जरी चुकीचं लिहिलं तरी ते नाव कट, कितीही जीव जडलेला असू दे. बायको रुसेल, रुसू दे.

आपल्याच बंदरात त्या नावाची दुसरी बोट नाही ना, तेवढं विचारून घ्या.

जुनी बोट घेऊन नाव बदलत असाल तर नोंदणी, लाइफबॉय (बुडणाऱ्याला टाकायचं तरंगतं कडं) आणि इमर्जन्सी बीकनचं (संकटात सिग्नल पाठवणारं यंत्र) रेकॉर्ड, तिन्हीकडे बदला, बीकनचं हमखास राहतं. रंगवताना वळणदार अक्षरं नकोत, दुर्बिणीतून वाचता आलं की झालं.