सिमसिटी ४ मध्ये स्वतःचा तालुका वसवताय? मग या चुका टाळा

गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेच्या) सुट्टीत भाच्याचा फोन आला, "मामा, गेममधे अख्खा सोलापूर जिल्हा करलालाव." म्हणलं कर की बे, आनंद आहे. दोन दिवसांनी परत फोन, "मामा, भीमेत पाणीच येईना." मी हसत सुटलो कारण हेच मी स्वतः पण केलंय, आणि तेव्हा मला सांगायला मामा नव्हता. त्यानंतर ओळखीतल्या अजून तीन पोरांना गेम लावून दिला, तिघांनी त्याच चुका त्याच क्रमानं केल्या. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, आता कोणी विचारलं की हेच पाठवणार.

गेम सिमसिटी ४, कॉम्प्युटरवर शहर वसवायचा, २००३ चा, रश अवर एक्सपान्शनसकट (त्याच गेमची वरून घातलेली जोड). नवीन का नाही विचारू नका, माझ्या कारखान्यातल्या हिशोबाच्या कॉम्प्युटरवर हाच चालतो, आणि एका नकाशात बरीच शहरं वेगवेगळी वसवून ती एकमेकांना जोडायची ही मजा मला दुसरीकडे अशी मिळाली नाही.

अख्खा जिल्हा करायला घेणे

आधी हिशोब करा. गेममधली सगळ्यात मोठी टाइल (एका शहराची चौकोनी जागा) ४ किमी बाय ४ किमी, म्हणजे १६ चौरस किमी. आपलं सोलापूर शहरच हद्दवाढीसकट जवळपास १८० चौरस किमी आहे, म्हणजे नुसत्या शहराला अकरा मोठ्या टाइल भरून वर उरतं. जिल्हा साधारण १४,९०० चौरस किमी, म्हणजे ९३० टाइल. एका टाइलला एक आठवडा धरला तरी अठरा वर्षं. भाचा आता बारावीला आहे. मी त्याला म्हणलं तुझं लग्न होऊन पोरगं शाळेत जाईल तरी तुझी बार्शी व्हायची नाही.

म्हणून खोटा तालुका करा. माझ्या तालुक्याचं नाव सीनाकाठ, चार मोठ्या टाइल, सहा मध्यम, बाकी लहान, बस. खोट्या गावात एक सोय असते, चूक झाली तर "आमच्याकडं असंच आहे" म्हणून मोकळं होता येतं.

नदी कोरडी पडणे (ही माझी आवडती)

आता भीमेचं. लोक नेटवरून खऱ्या उंचीचा काळापांढरा नकाशा (जितकं पांढरं तितकं उंच) उतरवतात, रीजनमधे, म्हणजे सगळ्या टाइल मिळून होणाऱ्या मोठ्या नकाशात, टाकतात आणि नदीची वाट बघत बसतात. नदी येत नाही. कारण गेममधे पाणी एकाच पातळीला असतं, ती पातळी २५० मीटर, आणि काळ्यापांढऱ्या चित्रात एक छटा म्हणजे ३ मीटर. म्हणजे चित्रात ८३ च्या आसपास जी छटा तिथं पाण्याची रेघ, त्याच्या खालचं सगळं बुडलेलं, वरचं सगळं कोरडं. आणि आपण राहतो कुठं, साडेचारशे मीटरवर पठारावर. म्हणजे आपली भीमा गेमच्या समुद्रापेक्षा दीड-पावणेदोनशे मीटर उंच, तिच्यात पाणी कुठून येणार, उजनीतून सोडलं तरी यायचं नाही.

मी पहिल्यांदा काय केलं सांगतो. म्हणलं पाणी लागत नाही तर खोल खणू, बोअर मारल्यासारखं. गॉड मोडमधलं (गेमचा जमीन घडवायचा भाग) दरी पाडायचं हत्यार घेतलं आणि नदीच्या रेघेवर माऊस दाबून बसलो. दोन रविवार. पाणी लागलं, पण दोन्ही काठ सरळ तुटलेले कडे. पंढरपूरच्या जागी एक गाव करायचं होतं, तिथं वाळवंटात उतरायला वारकऱ्यांना दोरखंड बांधावे लागले असते. पूल टाकायला गेलो तर गेम पूलच घेईना. बायको मागून बघून म्हणली हे काय खाण काढलीय का.

उपाय साधा आहे, खोदायचं नाही, सगळा नकाशा खाली आणायचा. फोटो एडिटरमधे पूर्ण चित्राची छटा सारखी कमी करायची, साधारण ६०-६५ नं, म्हणजे नदीचं पात्र ८० च्या जवळ येतं. तरी पूर्ण जमत नाही कारण खरी नदी उतरत जाते आणि गेमची नदी तळ्यासारखी सपाट असते, म्हणजे वरच्या अंगाला कोरडी आणि खालच्या अंगाला धरण. मी तर आता नदी हातानंच काढतो, ७८ ची छटा, मऊ ब्रश, आणि मधे मधे थोडी वाकडी. मग रीजनच्या पडद्यावर कंट्रोल, अल्ट, शिफ्ट तिन्ही धरून आर दाबायचं आणि चित्र निवडायचं. अजून एक, ३ मीटरच्या छटेमुळं आपल्यासारख्या सपाट मुलखात शेताच्या बांधासारख्या पायऱ्या दिसतात, त्यावर गॉड मोडमधला गुळगुळीत करायचा ब्रश हलक्या हातानं फिरवा. हलक्या हातानं म्हणलंय. आणि शेजारच्या टाइलची कड जुळवायचं बटण असतं ते वसाहत करायच्या आधी दाबा, नंतर रस्ता कड्यावर जाऊन थांबतो.

टाइलची आखणी कॉन्फिग नावाच्या बीएमपी चित्रात असते. एक ठिपका एक किलोमीटर, लाल म्हणजे लहान टाइल, हिरवा दोन बाय दोन मध्यम, निळा चार बाय चार मोठी. रंग शुद्ध पाहिजे, फाइल २४ बिटची पाहिजे. भाच्यानं जेपीजीत सेव्ह करून नुसतं पुढचं नाव बदललं होतं. असं केल्यानं काही होत नाही बे, धोतराला पँट म्हणल्यासारखं आहे ते.

पहिल्याच दिवशी टॉवर

नवीन माणूस मोठी टाइल उघडतो, मधोमध चौकोन आखतो, दाट वस्तीचा झोन मारतो, पाइपलाइन टाकतो, शाळा, दवाखाना, फायर ब्रिगेड, आणि सहा महिन्यांत दिवाळं. मग फोन येतो की गेम अवघड आहे.

सोलापूर कसं वाढलं ते बघा. १८६० मधे रेल्वे आली, १८७७ मधे 'जुनी मिल' म्हणतात ती गिरणी निघाली, मग गिरणीच्या भोंग्याभोवती माणसं राहायला आली. बार्शीला तर मेन लाइन गेलीच नाही, कुर्डुवाडीवरून गेली, तेव्हा त्या स्टेशनचं नाव बार्शी रोड. बार्शीच्या व्यापाऱ्यांचा माल स्टेशनपर्यंत बैलगाडीनं, शेवटी १८९७ मधे नॅरोगेज गाडी सुरू झाली आणि त्या फाट्याचं पुढं कुर्डुवाडी जंक्शन झालं. गेममधे पण आधी वाट लागते, मग धंदा, मग माणूस. इंडस्ट्रीचा माल नकाशाच्या कडेनं बाहेर जातो, त्यामुळं मी सगळ्यात आधी कडेपर्यंत रस्ता नेतो, कडेजवळ कारखाने टाकतो, मग लांब पातळ वस्ती. पातळ वस्तीला पाणी लागतच नाही गेममधे, लोक विनापाण्याचे राहतात. आपल्याला त्यात काय नवीन आहे. पाइपलाइन मध्यम वस्ती करायची वेळ आली की टाका.

धुरकट कारखाने वेगळ्या टाइलवर ठेवा, सोलापूरजवळच्या चिंचोळी गावची एमआयडीसी जशी गावाबाहेर. गेममधे धूर टाइलची हद्द ओलांडत नाही, ही गेमची लबाडी आहे पण मी ती वापरतो.

आणि पैशाचा चीट. कंट्रोल-एक्स दाबून वीकनेसपेज (weaknesspays) लिहिलं की हजार मिळतात हे मला माहितीये, तुम्ही सांगायची गरज नाही. तीनशे वेळा ते टाइप करणाऱ्या पोराला शाळेचा खर्च कमी करायला सांगितलं तर मात्र "लई किचकट आहे" म्हणतो. शाळेवर क्लिक करा, बसचा आणि वर्गाचा स्लायडर पोरांच्या संख्येपेक्षा थोडा वर ठेवा. दवाखान्याचं पण तेच. निम्मा तोटा तिथंच बुजतो.

गोल फिरणारी माणसं

हे सगळ्यात वाईट, आणि हे कळायला मला तीन महिने लागले.

सीनाकाठमधे डावीकडं देवगाव, मोठी टाइल, सगळी वस्ती. उजवीकडं वर खडकी, कारखाने, आणि तिच्या खाली मोरवड, बाजारपेठ. दोन्ही मध्यम टाइल, दोन्ही देवगावला लागून आणि एकमेकींनाही लागून. मी म्हणलं जेवढे रस्ते तेवढं चांगलं, तिन्ही गावं एकमेकांना जोडून टाकली. चाळीस हजार वस्ती झाली आणि देवगाव-खडकी रस्ता लालभडक. रस्त्याचा अ‍ॅव्हेन्यू केला, भरला. अ‍ॅव्हेन्यूचा हायवे केला, तो पण भरला. घरं ओस पडायला लागली, कारण काय तर कामाला जायला लई वेळ लागतो. आणि खडकीत कारखान्यांना माणूस मिळत नाही! चाळीस हजार लोक सकाळी खडकीत जातायत आणि खडकी म्हणतेय कोणी आलंच नाही.

शेवटी रूट क्वेरीचं (रस्त्यावरून कोण कुठून कुठं जातंय ते दाखवणारं) बटण घेऊन हद्दीवरच्या रस्त्यावर क्लिक केलं, मग प्रत्येक गाव उघडून तोच रस्ता धरत गेलो. लोक देवगावातून निघून खडकीत शिरत होते, खडकीतून न थांबता मोरवडला, आणि मोरवडमधून परत देवगावात. म्हणजे माणूस मोहोळला कामाला म्हणून एसटीत बसला, पंढरपूर मंगळवेढा करून संध्याकाळी परत सोलापूर स्टँडवर उतरला, आणि घरच्यांना वाटतंय हा कामावर होता. रोज. हजारो.

होतं असं की माणूस हद्दीपर्यंत पोचला की गेम त्याच्या गावात नोंद करतो, याला काम मिळालं. पलीकडच्या गावात तो हद्दीवरून आलेला म्हणून परत काम शोधतो, आणि कारखान्यापेक्षा पुढची हद्द जवळ असली की तिकडं पळतो. आल्या रस्त्यानं लगेच मागं फिरायचं नाही एवढं त्याला कळतं, पण गोल केला तर कळत नाही.

उपाय म्हणजे गोल तोडायचा. मी देवगाव-मोरवड रस्ता हद्दीवर बुलडोझरनं काढला, आठवडाभर वाईट वाटत होतं कारण त्यावर पूल फार देखणा झाला होता. गावं झाडाच्या फांद्यांसारखी जोडा, एका गावातून दुसऱ्या गावाला जायला एकच वाट पाहिजे. राहायचं गाव फक्त कामाच्या गावाला जोडा, आणि कारखाने हद्दीच्या अगदी तोंडाशी ठेवा म्हणजे माणसाला पहिल्यांदा तेच दिसतील. मी आता गेम चालू करायच्या आधी जुन्या वहीच्या मागच्या पानावर गोल काढून रेघा मारतो, रेघ फिरून त्याच गोलाला आली की खोडतो. कोणी म्हणेल मॉड (खेळणाऱ्यांनीच बनवलेली जोड) टाका, नेटवर्क अ‍ॅडॉन मॉड. टाकाच, वाहतूक पुष्कळ सुधारते, पण गोल तुम्ही केलाय तर तो तुम्हालाच तोडावा लागतो.

तोडल्यावर लगेच फरक पडत नाही म्हणून घाबरू नका. ज्या गावात तुम्ही नाही ते गाव झोपलेलं असतं, तिथं एक दिवससुद्धा पुढं सरकत नाही, प्रत्येक गावाचं कॅलेंडर वेगळं. माझ्या देवगावला शंभर वर्षं झालेली आणि मोरवडला नऊ, मग मोरवडकडं देवगावची मागणी पोचणार कशी. मी पाळी लावलीय, नळाच्या पाण्यासारखी, एका गावाला दहा वर्षं, सेव्ह, मग पुढचं. आणि आपल्या नळापेक्षा जास्त इमानदारीनं.

बाकीचं भराभर

पाण्याचा पंप शेताजवळ टाकू नका, गेममधे शेतीनं पाणी खराब होतं, पंप बंद पडतो आणि लोक मला विचारतात इथं तर कारखाना पण नाही.

कचरा डेपो गावाच्या मधे आखलात तर भोगा, भरलेला डेपो बुलडोझरनं निघत नाही, आपोआप कुजेपर्यंत वाट बघायची.

वीज केंद्र जुनं होतं. मीटर बघत जा, ताकदीबाहेर चालवलं की स्फोट.

वापरलेलं प्लगइन (नेटवरून उतरवून गेममधे टाकलेल्या इमारती वगैरे) मधेच डिलीट केलं की इमारतींच्या जागी तपकिरी खोकी दिसतात. ठरवा आणि मग टाका, रोज नवीन मॉल कशाला पाहिजे तुम्हाला, आधीचा चालू आहे का.

नवीन कॉम्प्युटरवर गेम सारखा बंद पडतोय तर शॉर्टकटच्या प्रॉपर्टीत सीपीयू काउंट १ ची ओळ टाका, जुना गेम आहे, त्याला एकच कोर झेपतो.

आणि ऑटोसेव्ह नाही, नाही, नाही. परवा लाईट गेली तेव्हा भाच्याची सव्वीस वर्षं गेली, बॅकअप विचारला तर म्हणला "रीजनचं फोल्डर कॉपी करायचं असतं का मामा?" मी फोन ठेवला, मग दहा मिनिटांनी परत लावला आणि सांगितलं, कुठं असतं ते.