भाचरं यायच्या आधी

इंदूरहून ताईची दोन्ही मुलं १ मेच्या आठवड्यात येणार, म्हणजे पहिलं काम ताम्हण हेरून ठेवायचं. ताम्हण म्हटलं की पोरं देवघराकडे बघतात. आपलं राज्यफूल महाराष्ट्र दिनाच्या सुमारास फुललेलं असतं, तेव्हा जवळपासचं जांभळ्या बहराचं एखादं झाड आधीच बघून यावं.

दुर्बीण शेजारून मागून आणायची. हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, हिरवा. पानांत बसला की समोर असून दिसत नाही. वड-उंबराला फळं धरलीत का तेवढं पाहायचं, फळं असली की तो येतो. २०१५ साली राज्यफुलपाखरू ठरलेली राणी पाकोळी मात्र पावसाळ्यातली. मेमध्ये दाखवीन असा शब्द देऊ नये, पोरं तो विसरत नाहीत.

शेकरूसाठी भीमाशंकर. पहाटे निघायचं, म्हणून डबा आणि उलटीच्या गोळ्या रात्रीच पिशवीत टाकायच्या. अंगणातली खार डोक्यातून काढून टाका, असं मुलांना सांगून ठेवावं. शेकरू शेपटीसकट जवळपास मीटरभर भरते आणि जमिनीवर क्वचितच उतरते. मान वर करून, न बोलता उभं राहायची सवय लागते. बिस्किटं टाकायची नाहीत, हे मुलांच्या मामालाही सांगावं लागतं.

शनिवारवाड्याला तयारीशिवाय जाऊ नये. मागच्या खेपेला भर दुपारी पाहुण्यांना घेऊन गेले, तर त्यांचा धाकटा विचारतो, "वाडा कुठाय?" बरोबरच आहे. १७३२ साली वास्तुशांत झालेला वाडा १८२८च्या आगीत गेला. आत उरली ती जोती. या वेळी वाड्याची गोष्ट आदल्या रात्री जेवताना सांगायची आणि सकाळी लवकर जायचं.

शिवनेरीला एक दिवस राखून ठेवला आहे, आणि जुन्नरपर्यंत जातोच आहोत तर नाणेघाटही. तिथला दगडी रांजण जकातीचा म्हणतात. गुहेत सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे, त्यासाठी विजेरी घ्यावी. आपला इतिहास १६३० पासून सुरू होत नाही, हे तिथे वेगळं सांगावं लागत नाही.

खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा तासभर मागून ठेवायचा. संयुक्त महाराष्ट्र समिती १९५६ साली पुण्यातच स्थापन झाली. त्यांनी त्या सभा पाहिल्यात. आणि नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हे त्यांच्याच तोंडून येऊ दे. इंदूरची मुलं यावर भांडणार, नक्की.

राज्यवृक्ष आंबा. त्याची तयारी एकच: पेटी. आंबे कडक निघाले तर गवतात चार दिवस जातात, म्हणून ती मुलांच्या आधी घरात हवी.