शॅमेलियनचं रोजचं खाणं: पुण्यात या चुका टाळा

पुण्यात पाळीव प्राण्यांच्या दुकानात जिवंत किडे मिळतात, ते बहुतेक अरोवाना मासे किंवा पक्षी पाळणाऱ्यांसाठी आणलेले. मीलवर्म आणि सुपरवर्म नावाच्या अळ्या. स्वस्त असतात, डब्यात कित्येक आठवडे टिकतात, उड्या मारत नाहीत. त्यामुळे शॅमेलियनलाही (रंग बदलणाऱ्या सरड्यालाही) रोज तेच दिलं जातं. नेमकी हीच सवय सगळ्यात आधी मोडायला हवी.

मीलवर्ममध्ये चरबी भरपूर, कॅल्शियम नावापुरतं आणि फॉस्फरस त्याच्या कित्येक पट. शॅमेलियनच्या आहारात फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम हवं. ते मिळालं नाही की शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, फांदीवरची पकड ढिली होते, नेम धरूनही जीभ नीट सुटत नाही. यातलं काहीही दिसलं तर नुसतं खाणं बदलून वाट पाहू नका. सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे लगेच न्या.

रोजच्यासाठी रातकिडे किंवा डुबिया झुरळं धरावीत. जोडीला रेशमाच्या अळ्या आणि ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. या शेवटच्या अळ्यांत मुळातच कॅल्शियम चांगलं असतं. मीलवर्म अधूनमधून एखाद-दुसरा पुरे.

पण रातकिडे आणले म्हणजे काम झालं, असंही नाही. त्यांच्यातही कॅल्शियम कमीच असतं. त्यांचा खरा फायदा असा, की ते हावऱ्यासारखे खातात आणि त्यांच्या पोटातून आपल्याला हवं ते शॅमेलियनपर्यंत पोचवता येतं. म्हणून खायला घालण्याआधी निदान 24 तास त्यांना शेवग्याचा पाला, तुतीची पानं, गाजर, लाल भोपळा द्या. भाजी नीट धुऊन घ्या. पालक आणि राजगिरा टाळा. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. दुकानातून आणलेला उपाशी रातकिडा तसाच पिंजऱ्यात सोडला, तर शॅमेलियनचं पोट भरतं, पोषण होत नाही. देताना किड्यांवर साध्या कॅल्शियमची हलकी भुकटी लावा. व्हिटॅमिन डी3 असलेली भुकटी सहसा महिन्यातून दोनदा पुरते. रोज दिली तर तीच अपाय करते.

एवढं करूनही हाडं कमजोर राहिली, तर पिंजऱ्यावरच्या दिव्याकडे बघा. त्यातून यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, मिळाल्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हात ते किरण जवळजवळ नसतातच.

बागेतले नाकतोडे आणि घरातली झुरळं मात्र अजिबात नकोत. पावसाळ्यात डासांसाठी धुरफवारणी होते, सोसायट्यांमध्ये वर्षभर पेस्ट कंट्रोल चालू असतं. विष खाल्लेला किडा लगेच मरतोच असं नाही. काजवा तर निरोगी असला तरी विषारी असतो.

पुण्याची हवाही लक्षात घ्या. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, रातकिडे मंदावतात, अंडी घालणं थांबतं. त्यांचा डबा 28 ते 30 अंशांवर ठेवता आला तर पैदास चालू राहते. जुलै-ऑगस्टमध्ये अडचण दमटपणाची. किड्यांच्या डब्यातल्या कोंड्याला बुरशी धरते आणि अख्खा डबा मरून जातो. जाळीचं झाकण, अंड्यांचे कोरडे ट्रे, आणि ओली भाजी रोज बदलणं, एवढ्यावर बरंच निभावतं.

किड्याची रुंदी शॅमेलियनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. पिल्लांना रोज खायला हवं, पण पूर्ण वाढलेल्याला एक दिवसाआड चार-पाच किडे पुरतात. मोठ्या झालेल्या माद्यांना पिल्लांसारखं भरवत राहिलं, तर त्या नको तितकी अंडी घालतात आणि खंगतात.

धडधाकट शॅमेलियनने अचानक खाणं सोडलं, तर बऱ्याचदा तो एकाच किड्याला कंटाळलेला असतो. एक-दोन दिवस थांबून वेगळा किडा द्या. रेशमाची अळी अशा वेळी उपयोगी पडते. डोळे खोल गेले असतील किंवा तो दिवसा डोळे मिटून बसत असेल, तर मात्र हा कंटाळा नाही, डॉक्टरांकडेच जा.

हे सगळं येमेन किंवा मादागास्करच्या जातींबद्दल झालं, आणि त्यांचीही सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आपल्या झाडांवरचा सरडगुहिरा, म्हणजे भारतीय शॅमेलियन, 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पाळता येत नाही. जखमी सापडला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.