टीकेच्या दिवसांत वसंतातल्या बागेचा आधार

टीका झाल्यावर पहिली चूक होते ती बहुधा उत्तर देण्याच्या घाईत. टीका रास्त की अन्याय्य हे ठरण्याआधीच मन बचावाचे मुद्दे जुळवू लागते आणि त्या अवस्थेत बोललेले वाक्य पुढे आपल्यालाच निस्तरावे लागते. म्हणून घरालगत बाग असेल, किंवा गॅलरीत चार कुंड्या असतील, तर आधी तिथे जावे. वसंत ऋतू चालू असेल तर अवश्य जावे, कारण त्या दिवसांत बागेत हातांना भरपूर काम असते आणि केलेले काम थोड्याच दिवसांत डोळ्यांना दिसू लागते.

टीकेने खचणे हा दुबळेपणा नव्हे. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले, की वाईट अनुभवांचा ठसा चांगल्या अनुभवांपेक्षा खोल उमटतो. कौतुकाचे अनेक शब्द विरून जातात आणि एक बोचरा शब्द रात्रभर जागवतो, तो यामुळेच. बाग हा ठसा पुसत नाही, पण शरीराला ताणातून बाहेर यायला मदत करते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका प्रयोगात ३० बागप्रेमींना आधी ताण येईल असे काम दिले गेले. मग निम्म्यांनी अर्धा तास बागकाम केले आणि निम्म्यांनी घरात बसून वाचन केले. ताणाशी निगडित असलेल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी दोन्ही गटांत उतरली, पण बागकाम करणाऱ्यांत अधिक उतरली, आणि त्यांची मनःस्थितीही पूर्ववत झाली. प्रयोग लहान होता. तरीही अर्धा तास हे माप धरून चालायला हरकत नाही.

हा अर्धा तास फोन घरातच ठेवावा. काम निवडताना मात्र विचार करावा. रागाच्या भरात छाटणीची कात्री हाती घेऊ नये, कारण तोडलेली फांदी परत जोडता येत नाही. शिवाय वसंतात फुलणाऱ्या अनेक झुडपांच्या कळ्या आदल्या हंगामातच तयार झालेल्या असतात, त्यामुळे ऐन फुलण्याआधी केलेली छाटणी त्या वर्षाची फुलेच घेऊन जाते. अशा वेळी तण काढणे सर्वांत चांगले. माती ओलसर असताना तण मुळासकट निघते, बोटांना एकाग्र व्हावे लागते आणि अर्ध्या तासात वाफ्याचा एक कोपरा स्वच्छ झालेला दिसतो. टीकेचे शब्द मधूनच आठवतील, ते आठवू द्यावेत. त्यांच्याशी मनातल्या मनात वाद न घालता लक्ष पुन्हा बोटांखालच्या मुळाकडे आणावे.

त्याच वेळी थोडे बी पेरावे, असे मी आग्रहाने सुचवेन. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवर पेरावे, अगदी बारीक बी मातीवर नुसते दाबावे आणि अंकुर येईपर्यंत वरचा थर सुकू देऊ नये. मुळा किंवा झेंडू पुरेशा उबेत साधारण आठवड्याभरात उगवतो, तर गाजराला दोन ते तीन आठवडे लागू शकतात. जलद आणि सावकाश उगवणारे असे दोन्ही प्रकार एकाच दिवशी पेरले, तर पुढचे कितीतरी दिवस सकाळी उठून पाहण्यासारखे काहीतरी असते, आणि खचलेल्या माणसाला याची फार गरज असते.

हात धुऊन झाले की मगच कागद घ्यावा. टीकाकार नेमके काय म्हणाला तेच वाक्य लिहावे. आपल्या मनाने त्याला जोडलेला अर्थ लिहू नये. ‘अहवालात आकडे अपुरे आहेत’ ही कामावरची टीका आहे. ‘तुम्हाला काही जमत नाही’ हा व्यक्तीवरचा शेरा आहे आणि त्यातून सुधारण्याजोगे काही हाती लागत नाही. पहिल्या प्रकारच्या वाक्यांवर काम करावे, दुसऱ्या प्रकारची बाजूला ठेवावीत. आशेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांच्या मांडणीत आशा ही केवळ भावना नाही: ध्येय, तिथे पोहोचण्याच्या वाटा आणि त्या वाटांवर चालण्याचे बळ आपल्यात आहे हा विश्वास, या तिन्ही गोष्टी तिच्यात येतात. म्हणून टीकेतून निघालेले एकच ध्येय, त्याच्या किमान दोन वाटा आणि उद्या करायचे पहिले काम एवढे लिहिले तरी पुरे.

उत्तर शक्यतो दुसऱ्या दिवशी द्यावे आणि ते थोडक्यात असावे: काय पटले, काय बदलणार आहोत, आणि काय का पटले नाही. वारंवार होणारा अपमान किंवा धमक्या यांना मात्र टीका समजू नये; त्यांची नोंद ठेवून योग्य ठिकाणी तक्रार करावी. आणि झोप, भूक किंवा कामातला रस दोन आठवडे उलटूनही परतला नाही, तर बागेवर विसंबून न राहता समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटावे. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये.