नाताळची तयारी, दिवाळीच्या डब्यांपासून

आमच्याकडे वसईला दिवाळीत शेजारहून फराळाचे डबे येतात ना, ते धुऊन पुसून माळ्यावर ठेवायचे, कारण रिकामा डबा परत द्यायचा नाही, तो नाताळात भरूनच जायचा. त्यामुळे माझी यादी सामानापासून नाही, डब्यांपासून सुरू होते. किती डबे आहेत, कुणाचे आहेत आणि कुणाकडे अंडं चालत नाही, हे सगळ्यात आधी एका कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. यंदा माझ्याकडे 11 डबे आहेत, त्यातले 4 बिनअंड्याचे, म्हणजे काय किती करायचं ते तिथेच ठरलं आणि गिफ्ट पॅकिंगचा खर्चही वाचला.

नोव्हेंबर संपायच्या आत केकची फळं भिजवा. काळ्या मनुका, बेदाणे, खजूर एवढं विकत आणा, बाकीचं घरी होतं. संत्री आता स्वस्त आहेत, खाऊन झाली की सालं टाकू नका, दोन-तीनदा पाणी बदलून उकळली की कडूपणा जातो, मग बारीक चिरून साखरेत शिजवायची. टुटीफ्रुटी पण कच्च्या पपईची घरीच करा, बारीक तुकडे पारदर्शक होईपर्यंत उकळून रंग घातलेल्या पाकात मुरवले की झालं, आणि परसात पपई असेल तर खर्च फक्त साखरेचा. रममध्ये भिजवणार असाल तर फळं महिनाभर बरणीत बाहेर राहतात. संत्र्याच्या रसात भिजवणार असाल तर घाई करू नका, ती केकच्या तीन-चार दिवस आधी भिजवून फ्रीजमध्येच ठेवायची, बाहेर राहिली तर आंबतात.

लोण्यासाठी रोजची साय आत्तापासून साठवा. अंडी थंडीत महाग होतात, नाताळच्या आठवड्यात तर आणखीच, त्यामुळे ती आठ-दहा दिवस आधीच आणून फ्रीजमध्ये ठेवा. मैदा, साखर, तेल एकदाच होलसेलवाल्याकडून शेजारणीबरोबर मिळून घ्या आणि वाटून घ्या.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरूचं चीज, आमच्या गोव्याच्या मावशीच्या भाषेत पेराड. पेरू पिकलेले घ्या, डाग असलेले पण चालतात, उकडून बिया निघतील असं चाळणीतून गाळा, गराच्या वजनाएवढी साखर, लिंबाचा रस, आणि मग ढवळत राहायचं, पाऊण तास तरी लागतो, गोळा कडा सोडायला लागला की तूप लावलेल्या थाळीत ओतून थापा आणि दुसऱ्या दिवशी वड्या पाडा. गर उडतो तेव्हा चांगलं भाजतं, लांब दांड्याचा चमचा घ्या. बटरपेपरमध्ये एकेक वडी गुंडाळली की लहान मुलांसाठी याच्यासारखी भेट नाही.

त्याच आठवड्यात एका पसरट ताटलीत माती घालून नाचणी पेरा, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याचं गवत नाताळपर्यंत छान हिरवंगार उगवतं, प्लास्टिकचं आणायला नको.

तळण सगळं एकाच दिवशी काढा, 20 तारखेच्या आसपास. कुलकुल म्हणजे नाताळचे छोटे वळलेले गोड तळणीचे तुकडे, त्यांचं माझं प्रमाण अर्धा किलो मैदा, 100 ग्रॅम बारीक रवा, 100 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, दोन चमचे कडकडीत तूप आणि लागेल तसं एका नारळाचं घट्ट दूध. अंडं नाही. पीठ मुरलं की घरातल्या सगळ्यांना बसवा, एकट्याने करायचं कामच नाही हे. आई अजून नव्या कंगव्यावरच वळते, बोराएवढी गोळी कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबत नेते आणि तसाच गुंडाळा सोडवून घेते, रेघा इतक्या सारख्या येतात की काट्याचमच्यावर केलेलं लगेच वेगळं ओळखू येतं. तळताना क्रम पाळा, ताज्या तेलात आधी कुलकुल, म्हणजे बिनअंड्याच्या डब्यांना अंड्याचं तेल लागत नाही. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, त्यानंतर, पण एखादी फुटली की सारण जळून तेल खराब होतं, म्हणून तेल लगेच गाळून घ्या. रोझ कुकीज, म्हणजे साच्यावर तळलेली कुरकुरीत फुलं, अगदी शेवटी, त्यांच्या पिठात अंडं असतं. त्यांचा साचा आदल्या रात्री तेलात बुडवून ठेवा, नाहीतर पहिली दहा फुलं साच्यालाच चिकटतात. नेवऱ्यांत ओलं नारळ नको, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस आणि तीळ घाला, डबा पोचेपर्यंत टिकायला हवं.

दूध काढल्यावर उरलेला नारळाचा चोथा साखरेत परतून मुलांना द्या, आणि करवंट्या जपून ठेवा. त्या घासून, वाळवून, घरातले मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून त्यात ओता, मधे सुती वात, झाली भेट. फक्त देताना सांगा की ताटलीत ठेवून लावा आणि तळाला बोटभर मेण उरलं की विझवा.

केक 22 ला. जळकी साखर आदल्या दिवशी करा, 100 ग्रॅम साखर कोरडीच वितळवायची, आधी सोनेरी मग तांबडी मग काळपट होऊन धूर सुटायला लागला की गॅस बंद, आणि अर्धी वाटी गरम पाणी थेंबाथेंबाने, तडतडून अंगावर उडतं म्हणून मुलांना लांब ठेवा. पाव किलो मैद्याला पाव किलो लोणी, पाव किलो साखर, पाच अंडी, एक चमचा बेकिंग पावडर, ही जळकी साखर आणि अर्धा किलो भिजलेली फळं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, दहा मिनिटं तापवून मंद आचेवर सव्वा तास. गल्लीतली बेकरी भट्टीत भाजून देत असेल तर तेच बरं, एका वेळी चार टिन होतात, गॅस वाचतो, पण नंबर आठवडाभर आधी लावा आणि टिनावर नावाची चिठ्ठी लावायला विसरू नका. गेल्या वर्षी मी विसरले आणि माझा केक दुसऱ्याच घरी गेला, संध्याकाळी शोधत फिरावं लागलं.

सुकेळी, म्हणजे वसईची वाळवलेली केळी, बजेटमधली नाहीत हे खरं, पण वसईबाहेर राहणाऱ्यांसाठी मी पाव किलो तरी घेतेच, ती चव त्यांना तिकडे कुठे मिळणार.

24 ला दुपारी डबे भरा, संध्याकाळ मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या, तयारीत जाते. खाली कुलकुल, वर नेवऱ्या, केक वेगळ्या कागदात, बिनअंड्याच्या डब्यात केकऐवजी पेराड जास्त, आणि झाकणावर लाल दोरा म्हणजे मुलं देताना गोंधळत नाहीत. मग फ्रीजवरचा कागद काढून त्यांच्या हातात द्या.