आंबा मळकट का दिसतो? डिजिटल चित्रात रंग मिसळताना या चुका टाळा

समोर हापूस आंबा आहे असं धरू. देठाजवळ हिरवट, खांद्यावर तांबूस लाली, बाकी सगळा केशरी-पिवळा. डिजिटल पेंटिंगमध्ये रंग एकजीव करायला शिकायचं तर याच्याइतकं सोपं दिसणारं आणि चकवणारं फळ दुसरं नाही. गोलाई आहे, एकमेकांशी न जुळणारे रंग शेजारी आहेत, वर पिवळा रंग सावलीत न्यायचा आहे. क्रिटा, फोटोशॉप आणि प्रोक्रिएट या तिन्ही चित्रकलेच्या सॉफ्टवेअर्समध्ये बटणांची नावं थोडी बदलतात, चुका मात्र त्याच होतात.

स्मज टूल लवकर हातात घेणं

उजेडाचा एक रंग, सावलीचा एक रंग, आणि मधल्या सीमेवर स्मज (ओला रंग बोटाने पसरवल्यासारखं करणारं साधन) घासत बसायचं. आंबा गुळगुळीत होतो, पण मेणाचा वाटतो. कारण साधं आहे. स्मज टूल नवा रंग आणत नाही, शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतं. उजेड आणि सावली यांच्यामध्ये जी छटा दिसायला हवी ती या दोघांची सरासरी नसते. बहुतेक वस्तूंवर तिथे रंग उलट जास्त तजेलदार असतो. ती छटा तुम्हीच लावायची.

क्रम असा ठेवा. कडक काठाचा गोल ब्रश घ्या, ओपॅसिटी (रंग किती अपारदर्शक बसतो ते) १०० टक्के. पाच ठिगळं लावा: सर्वांत उजळ भाग, मधला रंग, सावलीच्या सुरुवातीचा गडद पट्टा, सावलीचा उरलेला भाग, आणि खालच्या काठाजवळ टेबलावरून परत येणारा हलका उजेड. डोळे बारीक करून पाहा. या अवस्थेतच आंबा गोल वाटला पाहिजे. वाटत नसेल तर मिसळून काही होणार नाही, ठिगळंच बदला.

मग जोडांकडे वळा. ओपॅसिटी ४० ते ५० करा, दोन ठिगळांच्या सीमेवर एक हात फिरवा, तिथे तयार झालेला मधला रंग उचला (फोटोशॉपमध्ये ऑल्ट, क्रिटामध्ये कंट्रोल दाबून, प्रोक्रिएटमध्ये बोट टेकवून धरून), तो सीमेच्या दोन्ही बाजूंना लावा, पुन्हा उचला. तीन-चार फेऱ्यांत जोड विरघळतो. ब्रशची रुंदी जेवढा पट्टा विरघळवायचा आहे त्याच्या निम्म्याहून कमी नको. बारीक ब्रशने मोठा भाग मिसळायला गेलात की आंब्यावर केस उगवल्यासारखे ओरखडे दिसतात. स्मज वापरायचाच असेल तर अगदी शेवटी, १५ ते ३० टक्के जोराने, आणि हात आंब्याच्या गोलाईसोबत फिरवा.

फोटोशॉपचा मिक्सर ब्रश (२०१० च्या सीएस-५ पासून आहे) हे काम छान करतो, पण त्याच्याबद्दल एक तक्रार हमखास येते: ‘दहा-बारा हात मारले की सगळं तपकिरी होतं.’ ब्रश आधीचा रंग अंगावर घेऊनच पुढच्या जागी जातो. वरच्या पट्टीत प्रत्येक स्ट्रोकनंतर ब्रश स्वच्छ करण्याचं बटण आहे, ते चालू ठेवा. क्रिटाच्या कलर स्मज ब्रशमध्ये हाच प्रश्न कलर रेट आणि स्मज लेंग्थ (रंग किती लांब ओढला जातो) या दोन स्लायडरांवर सुटतो. कलर रेट शून्य असेल तर ब्रश फक्त ओढतो, रंग सोडत नाही.

पिवळ्याच्या सावलीत काळा

पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी हिरवट रंग येतो. काळ्या किंवा राखाडी रंगाचा मल्टिप्लाय लेअर (खालचे रंग गडद करणारा थर) वर टाकला तरी तेच, कारण दोन्हींत ह्यू (रंगाची जात: लाल, पिवळा, हिरवा) जागच्या जागी राहतो आणि फक्त ब्राइटनेस (उजळपणा) उतरते. गडद केलेला पिवळा डोळ्याला पिवळा वाटतच नाही.

म्हणून सावलीकडे जाताना ह्यू लालसर बाजूला सरकवा. एचएसबीच्या (ह्यू, सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा तजेला, आणि ब्राइटनेस) आकड्यांत हापूससाठी ही सुरुवात चालते: उजेडात एच ४४, एस ८५, बी ९७, मध्ये एच ३६, एस ९०, बी ८५, सावलीत एच २४, एस ८५, बी ५८. आकडे पाठ करू नका. एच किती सरकला तेवढं पाहा. मल्टिप्लाय लेअरच वापरायचा असेल तर राखाडीऐवजी फिकट जांभळट-गुलाबी रंग घ्या आणि चित्र झाल्यावर नव्हे, ठिगळांच्या अवस्थेतच तो लावून पाहा.

माणसाच्या कातडीलाही हेच लागू आहे, आणि गव्हाळ-सावळ्या वर्णावर ही चूक जास्त खटकते. काळ्याने शेड केलेला सावळा चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. उजेड जिथे सावलीत शिरतो त्या अरुंद पट्ट्यात तांबूस, थोडा जास्त सॅच्युरेटेड रंग द्या. कान, नाकाची पाळी, बोटांची टोकं इथे तर नक्कीच, कारण तिथे उजेड कातडीत थोडा आत शिरून बाहेर येतो.

लाल आणि हिरव्याच्या मधला चिखल

आरजीबीत, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्या ० ते २५५ आकड्यांत, आंब्याची लाली साधारण (२००, ६०, ४०) आणि देठाजवळचा हिरवा (९०, १४०, ५०) धरा. या दोन आरजीबी रंगांची सरासरी (१४५, १००, ४५) येते, म्हणजे सरळ तपकिरी. आंब्यावर तो डाग वाटतो, फळ कुजायला लागल्यासारखा. उपाय म्हणजे दोघांना थेट भेटू द्यायचं नाही, मधून पिवळ्याची वाट काढायची. लाल, केशरी, पिवळा, पोपटी, हिरवा. बोटभर जागा असली तरी ही पाच पावलं त्यात बसतात.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी जलरंग घोटलेल्या हाताला इथे आणखी एक धक्का बसतो. कागदावर निळा आणि पिवळा मिसळला की हिरवा होतो. सॉफ्टवेअरमध्ये शुद्ध निळा (०, ०, २५५) आणि शुद्ध पिवळा (२५५, २५५, ०) निम्मे-निम्मे मिसळले तर (१२८, १२८, १२८) येतो. हुबेहूब राखाडी. खऱ्या रंगद्रव्यांसारखं मिश्रण देणारी रेबेल प्रोसारखी सॉफ्टवेअर्स आहेत, पण नेहमीच्या ब्रशकडून ती अपेक्षा ठेवू नका. हिरवा हवा असेल तर रंगचाकावरून हिरवाच उचला.

जोडावर काळपट रेघ येण्यामागे आणखी एक कारण असतं. बहुतेक सॉफ्टवेअर्स साठवलेल्या आकड्यांचीच सरासरी काढतात, प्रत्यक्ष प्रकाशाची नाही. शुद्ध लाल आणि शुद्ध हिरव्याच्या मध्ये (१२८, १२८, ०) येतो; प्रकाशाच्या हिशेबाने तो (१८८, १८८, ०) असायला हवा. फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये गॅमा १.० ने, म्हणजे प्रकाशाच्या हिशेबाने, मिसळण्याचा पर्याय आहे. मात्र चित्र अर्धं झाल्यावर तो चालू करू नका, मऊ कडा आणि अर्धपारदर्शक लेअर सगळे वेगळे दिसू लागतात.

पट्टे

पट्टे दोन प्रकारचे असतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत.

पहिला प्रकार ब्रशचा. ३० टक्के ओपॅसिटीचे दोन हात एकमेकांवर आले की त्या जागी ५१ टक्के रंग बसतो, तिसऱ्यानंतर जवळजवळ ६६. म्हणून पेन उचलून-उचलून मारलेल्या हातांच्या सीमा दिसतात. एका दमात, पेन न उचलता भाग भरा, किंवा ओपॅसिटी १०० ठेवून फ्लो (ब्रशमधून रंग किती वेगाने उतरतो ते) १० ते १५ करा म्हणजे रंग हळूहळू चढतो. ठिपक्यांची माळ दिसत असेल तर दोष ब्रशच्या स्पेसिंगचा, म्हणजे ठिपक्यांमधल्या अंतराचा. फोटोशॉपच्या गोल ब्रशला ते २५ टक्के असतं, मऊ मिश्रणासाठी ५ ते १० करा. १ टक्का केलंत तर मोठा ब्रश मागे रेंगाळू लागेल.

पेनचा दाबही तपासा. हलक्या हाताला काहीच उमटत नाही आणि जरा दाबलं की एकदम गडद, असं होत असेल तर प्रेशर कर्व्ह (दाबानुसार किती रंग उमटेल ते ठरवणारा आलेख) बदलायला हवा. क्रिटात तो कॉन्फिगर क्रिटाच्या टॅबलेट सेटिंग्जमध्ये आहे, प्रोक्रिएटमध्ये प्रेफरन्सेसमधल्या प्रेशर अँड स्मूदिंगमध्ये. विंडोजवर फोटोशॉपला दाबच कळत नसेल तर टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये विंडोज इंक (विंडोजची पेनसाठीची सोय) बंद पडलंय का ते आधी पाहा.

दुसरा प्रकार फाइलचा. आठ बिटांत एका चॅनलला २५६ पायऱ्या मिळतात. आंब्यामागची भिंत राखाडी ४० पासून ६० पर्यंत २००० पिक्सेलांत नेलीत तर त्यात फक्त २० पायऱ्या आहेत, प्रत्येकी सुमारे १०० पिक्सेल रुंद. त्या दिसणारच, कितीही घासा. नवी फाइल १६ बिटांत उघडा (क्रिटा आणि फोटोशॉप दोन्हींत होते). आधीच पायऱ्या पडलेलं चित्र १६ बिटांत नेऊन सुधारत नाही. तिथे १ ते २ टक्के नॉइज (बारीक दाणे) टाका.

सगळ्याच कडा मऊ

ही चूक हळूहळू होते, कारण मिसळण्यात मजा येते. एअरब्रश घेतला की थांबवत नाही. शेवटी आंबा धुक्यात ठेवल्यासारखा दिसतो आणि नेमकं कुठे बिघडलं ते कळत नाही.

कडा मऊ की कडक हे वस्तू ठरवते. आंब्याची गोलाई सावकाश वळते, म्हणून अंगावरच्या सावलीची कड मऊ. टेबलावर पडलेली सावली वेगळी: आंबा टेकतो तिथे ती कडक आणि जवळजवळ काळपट, दूर जाताना मऊ आणि फिकट. देठाची खोबण लहान आहे, तिथली कड पटकन वळते. सालीवरची चमक मंद असते, पण ओला आंबा असेल तर तिला कडक काठ हवा. एकाच सावलीच्या काठावर तीन प्रकार सापडायला हवेत. मिश्रण झाल्यावर कडक ब्रश घेऊन दोन-चार ठिकाणी कड मुद्दाम परत कापा.

याचीच धाकटी बहीण म्हणजे उशीसारखी सावली: मध्यभागी उजळ, चहूकडून गडद. त्यात उजेड कुठल्याच दिशेने येत नाही. काम सुरू करतानाच वेगळ्या लेअरवर उजेडाचा बाण काढून ठेवा.

छटांचा उतार बिघडलाय की रंगाचा, हे ओळखायला सर्वांत वर काळ्याने भरलेला लेअर घ्या आणि त्याचा मोड कलर करा. चित्र कृष्णधवल दिसेल. कृष्णधवलमध्ये आंबा गोल दिसला आणि रंगीत असताना मळका, तर दोष ह्यूचा. दोन्हींत सपाट दिसला तर ठिगळांकडे परत जा.

काठाला पांढरी रेघ

स्मज पारदर्शक पिक्सेलही ओढतो. आंबा वेगळ्या लेअरवर असेल आणि तुम्ही काठापर्यंत घासलंत, तर काठ अर्धपारदर्शक होऊन खालचा पांढरा कॅनव्हास डोकावतो. मिसळायला लागण्यापूर्वी अल्फा लॉक करा, म्हणजे लेअरचा पारदर्शक भाग तसाच राहतो. प्रोक्रिएटमध्ये लेअरवर दोन बोटं उजवीकडे सरकवली की होतो. सावली वेगळी ठेवायची असेल तर क्लिपिंग मास्क (वरचा लेअर खालच्या आकाराबाहेर न जाऊ देणारी सोय). रेखाटनाच्या रेषेलगत पांढरे ठिपके राहत असतील तर तो मिश्रणाचा दोष नाही, फिल टूल रेषेच्या धूसर पिक्सेलांपाशी थांबतं. भराव १-२ पिक्सेल वाढवा.

आणि उरलेलं

४०० टक्के झूमवर मिसळू नका. दर काही मिनिटांनी चित्र २५ टक्क्यांवर आणून पाहा. आयपॅडचं नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन (पडद्याचे रंग आपोआप बदलणाऱ्या सोयी) रंग लावताना बंद असू द्या, नाहीतर रात्री नीट वाटलेला पिवळा सकाळी वेगळाच निघतो. आणि सगळं जमल्यावर मित्रांना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर कॉम्प्रेशनमुळे मागच्या भिंतीवर पुन्हा पट्टे येतील. पीएनजी काढा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा.