जाड फांदी चेनसॉने उतरवताना

ठाण्यात सोसायटीच्या आवारातल्या झाडाची फांदी तोडायलाही आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढा. मग मशीन. टू-स्ट्रोक इंजिनाला बहुतेक कंपन्या ५०:१ मिश्रण सांगतात, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली ऑइल. ते कमी पडलं की पिस्टन जाम होतो. भुशाऐवजी पीठ पडू लागलं तर साखळी बोथट झाली समजा. जोर न लावता कानशीने धार लावा.

जाड फांदी एका कापात कधीच तोडू नका. ती वजनाने अर्ध्यातच मोडते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून पाव जाडीपर्यंत कापा. मग त्याच्या दोन इंच बाहेर वरून कापा, फांदी सुटेल. उरलेला खुंट शेवटी, खोडालगतच्या फुगीर कडेच्या बाहेरून. ही कड शाबूत ठेवाच. ती कापली तर जखम नीट भरत नाही, खोड कुजतं.

बारच्या, म्हणजे साखळी ज्या पट्टीवरून फिरते तिच्या, टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. म्हणून दोन्ही हातांची पकड, आणि शिडीवरून चेनसॉ अजिबात नाही. विजेच्या तारा जवळ असतील तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्या.